फूटपट्टीची बाजू

माझी आत्या गणवेशाच्या कारखान्यात तपासनीस होती. म्हणजे बाकीच्या बायका शिवायच्या आणि आत्या त्यांच्या शिवणात खोट काढायची. हेच काम ती आमच्या घरी फुकट करायची, तिथे तिला त्याचा पगार होता. शाळेचे सदरे, नर्सबायांचे झगे, पहारेकऱ्यांच्या पँटी, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. शिलाई सरळ असली की माल पुढे. सुतभर वाकडी दिसली की खडूची फुली आणि माल मागे. त्यात ओळखपाळख नाही, पाया पडणं नाही, "बाई, आज घरी पोर आजारी आहे" नाही. पोर आजारी म्हणून सदरा सरळ होत नाही, असं तिचं शास्त्र.

कारखान्यातल्या बायकांनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. तिच्या पाठीमागेच म्हणायच्या, पण आत्याचे कान तिखट. "वाईट काय आहे त्यात?" ती मला म्हणाली होती. "कुणाला झाडू म्हणतात, कुणाला सांडशी. फूटपट्टी शाळेत तरी गेलेली असते."

लग्न तिने केलं नाही. का, ते तिला विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही बाबांना विचारायचो. बाबा म्हणायचे, "स्थळं चांगली येत होती रे. पण हिने एकेकाला उजेडात धरून बघितलं."

सायकलच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर पान्यांचा खणखणाट आणि पंपाचा सुस्कारा वर यायचा. खोल्यांत एक पलंग, एक कपाट, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर कायम इस्त्रीच्या कपड्यांची चळत. मी गेलो की ती चळत उचलून पलंगावर ठेवायची आणि मी उठलो की पुन्हा खुर्चीवर. माझ्या पाठीची ऊब जायच्या आत खुर्ची पुन्हा कपड्यांची व्हायची.

निवृत्त झाल्यावर आत्याने आधी स्वतःचं घर सरळ केलं. ते लगेच संपलं, कारण ते आधीच सरळ होतं. मग ती आमच्याकडे यायला लागली. पडद्याच्या दुमडी बघ, उशांचे अभ्रे उलटे करून बघ. आईने चार दिवस सोसलं आणि मग गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी बायका गोधड्या शिवतात म्हणे. तुमच्यासारखा हात त्यांच्याकडे कुठला असायला?" आईचा गोड आवाज हा आमच्या घरचा शेवटचा उपाय. तो सहसा लागू पडतो.

त्या खोलीत एक टेबलटेनिसचं टेबल होतं. खेळणारी पोरं नोकऱ्यांसाठी पांगली, जाळीही कुणीतरी नेली, आणि टेबलाचा ताबा गोधडीने घेतला. भोवती तिघी बसायच्या. एक पोस्टबाई. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून शिक्के मारलेल्या, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असं. दुसऱ्या बेकरीकाकू, कोपरापर्यंत पीठ आणि पिशवीत तुटकी बिस्किटं. तिसऱ्या लाँड्रीवाल्या ताई. गिऱ्हाईकं जी कापडं विसरून जायची, ती त्या वाट बघून बघून शेवटी गोधडीत घालायच्या. तिघी तीन बाजूंना. चौथी बाजू, खिडकीकडची, मोकळी होती. तिथे आत्या बसली.

त्यांची पद्धत साधी. खाली अस्तर, मध्ये जुन्या चादरी, वर रंगीत तुकडे. तिन्ही थर आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी पकडून ठेवायचे. मग प्रत्येकीने आपापल्या काठापासून धावदोरा घालत आत सरकायचं. चौघी चार बाजूंनी कापड ओढून धरतात, म्हणून ते ताठ राहतं. आणि चौघी चार बाजूंनी बोलतात, म्हणून गोधडी कधी संपते ते कळत नाही. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या भिंतीला कसला रंग लावला, सगळं टेबलावरून या काठाचं त्या काठाला जायचं.

आत्या बोलायची नाही. तिला बोलता येतच नव्हतं. तिच्या तोंडून वाक्य निघालं की ते निकालासारखं वाटायचं. पण ऐकायची मात्र सगळं, आणि रविवारी मी गेलो की मला सांगायची. "बेकरीकाकूंचा जावई शाकाहारी झालाय," हे तिने मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला वाटलं, माणूस गेला. तेव्हा मला कळलं की तिच्या आठवड्यात खरा वार गुरुवारच. बाकीचे सगळे त्याच्याकडे जायचे जिने.

आता खोटीची गोष्ट.

पोस्टबाईंचा उजवा हात थरथरायचा. आधी थोडा, मग जास्त. त्यांचा धावदोरा म्हणजे मुंग्यांची रांग, पण कुणीतरी फुंकर मारलेली. एक टाका तांदळाएवढा, पुढचा वाटाण्याएवढा, तिसरा भलत्याच गावाला. तिघींना त्याचं काही नव्हतं. आत्याला होतं. ती कारखान्यातून निवृत्त झाली होती, फुलीतून नाही.

एका गुरुवारी ती म्हणाली, "खोलीत उंदीर आहेत. गोधडी मी घरी नेऊन ठेवत जाईन." उंदीर नव्हते. पण एवढी व्यवस्थित बाई उंदीर आहेत म्हणते तर असतील, असं सगळ्यांना वाटलं. तेव्हापासून गोधडीची वळकटी दर आठवड्याला सायकलच्या दुकानावर मुक्कामाला यायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटोपलं की आत्या ती खिडकीत उलगडायची, बारीक कात्री घ्यायची आणि पोस्टबाईंची बाजू उसवायला बसायची.

मी एकदा अचानक गेलो तेव्हा तिच्या मांडीवर दोऱ्याचे तुकडे पडलेले होते.

"हे काय चाललंय?"

"सरळ करतेय."

"पण हे पोस्टबाईंनी शिवलं होतं ना?"

"शिवलं होतं असं आपण म्हणायचं," आत्या म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

"त्यांना माहितीये?"

"कशाला सांगायचं? वाईट वाटेल त्यांना."

तिला खरंच तसं वाटत होतं. आपण एका माणसाची लाज झाकतोय, तीही गाजावाजा न करता, अशी तिची समजूत होती. एकेक करत कितीतरी गोधड्या अशा घरोघरी गेल्या, आणि सगळ्या चारी बाजूंनी सारख्या सरळ.

मग पोस्टबाईंच्या नातीची गोधडी आली. नात शिकायला परगावी वसतिगृहात जाणार होती. तिच्या लहानपणच्या फ्रॉकचे तुकडे होते, आणि मधोमध पोस्टबाईंच्या नोकरीतल्या निळ्या कोटाची पाठ. या गोधडीला पोस्टबाई अशा जीव लावून बसल्या की त्यांचं बोलणंसुद्धा कमी झालं. टाका घालायचा, हात थांबायची वाट बघायची, दुसरा घालायचा. बेकरीकाकूंनी "द्या, मी थोडं घालते" म्हटलं तर त्यांनी नुसतं बघितलं.

पुढचा प्रसंग मला तीन तोंडांनी कळला आहे, आणि तिन्ही तोंडांत तो सारखाच आहे, त्यामुळे खरा असावा. पुढच्या गुरुवारी वळकटी उलगडली. एरवी बोलण्याच्या नादात पोस्टबाईंचं तिकडे लक्ष नसायचं, पण या वेळी त्यांनी आपल्या बाजूवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मानाने फारच हळू, "हे माझं नाही."

"तुमचंच आहे की," लाँड्रीवाल्या ताई म्हणाल्या. "किती छान आलंय."

"म्हणून तर म्हणते. माझा हात काय करतो ते मला माहितीये. हे माझ्या हातचं नाही."

 आत्या खोटं बोलू शकली असती. उंदरांचं ती बोललीच होती. पण विचारल्यावर माल खरा सांगायचा, ही तिची जन्माची सवय.

"मी फक्त सरळ केलं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

पोस्टबाई खूप वेळ त्या सरळ टाक्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग एवढी वर्षं मी इथे काय करत होते? बिस्किटं खात होते?" थांबून पुन्हा म्हणाल्या, "तुम्हाला चौघींची गोधडी नकोच आहे, बाई. तुम्हाला एकटीची हवीये. मग एकट्याच शिवा."

आत्याने आपली सुई डबीत ठेवली, डबी पिशवीत ठेवली, खुर्ची टेबलाखाली सरळ सारली आणि ती घरी आली.

तिला वाटलं होतं की कुणीतरी बोलवायला येईल. हे ती कधी म्हणाली नाही, पण तिचं घर म्हणत होतं. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे नाहीसे झाले. खुर्ची पुसलेली, दाराकडे तोंड करून. मी तिच्यावर बसायला गेलो की ती म्हणायची, "तू पलंगावर बस." जिना वाजला की तिचा हात थांबायचा. मग खालच्या पोराचा आवाज यायचा, "आजी, पंप वर राहिलाय का?" आणि हात पुन्हा चालू व्हायचा.

कुणी आलं नाही. तशी ती माणसं वाईट नव्हती. पण बोलवायला जायचं तर काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांनाही असणार.

आत्याने एकटीने गोधडी काढली. मोठी, दोन माणसांची. "एकटीचं काम किती पटापट होतं," ती मला सांगायची. "तिथे अर्धा वेळ बिस्किटांत जायचा. शिवाय त्या बडबडीत लक्ष लागतं का? इथे कसं शांत." हे ती शांततेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायची.

पण गोधडीला टाका कितीही सरळ असून भागत नाही. तिला पलीकडून कुणीतरी ओढून धरायला लागतं. आत्या या काठाला शिवायची आणि त्या काठाला अस्तर गोळा व्हायचं. उलटून बघितलं की खाली चुणी. उसव. पुन्हा घाल. पुन्हा चुणी. मग तिने युक्त्या काढल्या. पलीकडच्या काठावर इस्त्री ठेवली. एका कोपऱ्यावर कुकर, दुसऱ्यावर जाडजूड शब्दकोश. सायकलवाल्याकडून दोन शिकंजे आणून कापड पलंगाच्या कडेला आवळलं.

"वा," मी म्हटलं, "मंडळ पुन्हा भरलं की. कुकरताई काय म्हणतात?"

"कुकर गप्प असतो. त्याला जावई नाही," आत्या म्हणाली. मग जरा वेळाने, सुईतून मान वर न काढता, "त्या शाकाहारी जावयाचं पुढे काय झालं, तुला काही कळलं का रे?"

मला कळलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बेकरीत गेलो आणि विचारलं. जावई पुन्हा सगळं खायला लागला होता. रविवारी ही बातमी मी आत्याला दिली. तिने सुई खाली ठेवून ऐकली, दोनदा सांगायला लावली, आणि मग म्हणाली, "टिकणार नव्हतंच ते." त्या दिवशी ती जरा जास्त जेवली.

गोधडी पुरी झाली तेव्हा ती खरोखर देखणी होती. वरून बघा, खालून बघा, एक चुणी नाही. आत्या म्हणाली, "ही पोस्टबाईंच्या नातीला द्यायची."

"आत्या, अगं, भांडण सरळ टाक्यांवरूनच झालं होतं."

"मग? वाकडी देऊ?"

तिच्याजवळ माफी मागायला दुसरी भाषाच नव्हती. मी वळकटी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत ती दोनदा थांबली, एकदा पदर नीट करायला आणि एकदा काहीच न करायला.

पोस्टबाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या, पाणी दिलं. पाणी माझ्या हातात देताना अर्धं जमिनीवर सांडलं. आत्याची नजर त्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. तो हात आता थरथरत नव्हता. तो उडत होता.

मी गोधडी पलंगावर पसरली. पोस्टबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "पण नात गेली की गोधडी घेऊन. तीच. तुमच्यानंतर मी ती बाजू उसवली आणि पुन्हा घातली."

"सगळी?"

"सगळी. फार वेळ लागला. पोरगी जायच्या आदल्या दिवसापर्यंत घालत होते. वाकडी ती वाकडी, पण गेली तिच्याबरोबर." त्यांनी डाव्या हाताने उजवा धरून मांडीवर दाबून ठेवला. "तीच शेवटची. आता सुई धरवत नाही."

 मी आत्याकडे बघितलं नाही, पण तिच्या मनात काय उसवलं जात होतं ते मला दिसत होतं. एवढ्या गोधड्यांमधून तिने त्या हाताचा एकेक टाका काढून केरात टाकला होता. आता तिने त्यातला एक जरी परत मागितला असता तरी तो कुठून येणार होता?

"मग गुरुवारी काय करता?" शेवटी तिने विचारलं.

"जाते की. बसते, बोलते. बोलायला हात कशाला लागतात?" पोस्टबाई म्हणाल्या. मग आत्याकडे नीट बघून, "तुम्हीही या यायचं तर. मी काही टेबल विकत घेतलं नाहीये. पण सुई घरी ठेवून यायची."

"सुई घरी ठेवून मी तिथे काय करू?"

"मी करते तेच."

गोधडी त्यांनी ठेवून घेतली नाही. "आमच्याकडे पांघरुणं खूप आहेत," म्हणाल्या. मी ती पुन्हा खांद्यावर घेतली. येताना ती जास्त जड लागली, पण ते चढामुळेही असेल.

पुढच्या गुरुवारी आत्या गेली. दोन्ही हात रिकामे. पिशवीसुद्धा नाही, कारण पिशवी असली की तिच्यात डबी जाते. खिडकीकडची बाजू आता एका पोरीची होती. कोपऱ्यावर तिचं पार्लर आहे, केस कापता कापता ती गोधडी शिकायला आली होती. आत्यासाठी भिंतीकडे एक स्टूल ठेवलं, टेबलापासून जरा लांब. लांब कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. जागाच तेवढी होती.

गप्पा चालू झाल्या. मधल्या महिन्यांत त्यांचे नवे विनोद तयार झाले होते. कुणीतरी "पिवळी बादली" म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या. पिवळ्या बादलीचं काय, ते आत्याला माहीत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. तीही जरा उशिरा, जरा कमी हसली. हात मांडीवर कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. एकदा तिने लाँड्रीवाल्या ताईंच्या बाजूला पडलेला दोरा उचलून गुंडाळायला घेतला. पोस्टबाई खाकरल्या. तिने तो खाली ठेवला.

आणि मग त्या पार्लरवाल्या पोरीने, बिचारीला काही ठाऊक नव्हतं, आपली बाजू वर उचलून विचारलं, "आजी, तुम्हाला म्हणे खूप येतं. बघा ना, बरोबर आलंय का?"

बेकरीकाकू मला सांगत होत्या, "तुला सांगते, माझं बिस्किट तोंडातच राहिलं."

आत्या स्टुलावरून उठली. कापड हातात घेतलं. उजेडाकडे नेलं. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि पोस्टबाई बघतच नव्हत्या, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"रंग छान निवडलायस," आत्या म्हणाली. कापड परत दिलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

 पोस्टबाईंनी बिस्किटांची पिशवी तिच्याकडे सरकवली, एवढंच. ती मधेच अडकली, कारण स्टूल लांब होतं. मग त्या पोरीने उठून ती आत्यापर्यंत पोचवली.

सुटल्यावर बेकरीकाकू सगळ्यांना आपल्या गाडीतून सोडतात. पूर्वी आत्याही त्यात असायची. आता मागच्या सीटवर ती पोरगी असते. "मला चालायला आवडतं," आत्या म्हणाली. तिला चालायला आवडत नाही. मी कामावरून येताना ती मला दवाखान्याच्या वळणावर दिसली, फुटपाथच्या कडेने, एकटी, अगदी सरळ रेषेत.

"काय मग, काय केलंस आज?"

"बसले."

"नुसती?"

"नुसती बसणं किती अवघड आहे तुला कळायचं नाही. तू जन्मभर तेच करतोयस." थोडं चालून झाल्यावर ती म्हणाली, "खोटं बोलले रे मी आज. फार वाकडं होतं. तिसऱ्या ओळीनंतर तर ती पोरगी उतारालाच लागली होती."

"मग आता? पुढच्या गुरुवारी?"

आत्या फुटपाथची कड न सोडता चालत राहिली. मला वाटलं, नाही म्हणणार.

"चष्मा घरी ठेवून जाईन," ती म्हणाली.

आणि तशीच जाते. चष्म्याशिवाय तिला टाके दिसत नाहीत. समोरच्या माणसांचे चेहरेही दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात टेबलाच्या कडेने हलणारे. कोण काय बोललं ते आवाजावरून ओळखावं लागतं, आणि चौघी एकदम हसल्या की तेही कळत नाही. रविवारी मला सांगताना ती मधेच अडते. "कोणतरी म्हणालं," असं म्हणते आणि पुढे जाते.